दुसरा आर्म

आप्पा,

शनिवार, ३० नोव्हेंबर १९९६. दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना तुम्ही पुण्यातल्या एका दुकानात टोपी डोक्यावर घातलीत आणि दुकानदाराला म्हणालात, "चांगलं हाय. पर आमाला न्हाई घ्यायचं." वेळ मला पक्की आठवते, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि तुमच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी त्याच्याकडे बघत होते. माझी तक्रार त्या वेळेबद्दल आहे. जन्मभर मी कारखान्याच्या पर्चेस खात्यात तक्रारीची पत्रं लिहिली. तारीख आणि वेळ पहिल्याच ओळीत टाकायची, म्हणजे समोरच्याला "कधी बरं झालं हे?" असं विचारायची सोय राहत नाही. तुम्हांला तर ती सोय मुळीच द्यायची नाही. विसरल्याचं सोंग तुम्ही फार चांगलं वठवायचात.

आधी प्रकरण काय होतं ते नीट मांडते. दौंडच्या आपल्या घरात ती लाकडी पेटी होती. ज्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या हाताखाली तुम्ही फायरमन होतात, तो ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा सामानात मावेना म्हणून त्यानं ती तुम्हांला दिली. वर तबकडी फिरायची, आतच स्पीकर. तिच्यासोबत आलेल्या इंग्रजी नाचाच्या तबकड्या तुम्ही दोन-चार दिवस मन लावून वाजवल्यात आणि मग आईला म्हणालात, "ह्यात कुणी रडतच न्हाई." पुढे पुण्याला गाडी नेलीत, की परतीच्या ड्यूटीआधी जुन्या बाजारातून एखादी तबकडी आणायचात. डब्याच्या पिशवीत भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेली. त्यातली एक सारंगीची. ती लावली की मला समोर बसवायचात आणि सांगायचात, "आता बघ, बाई गायची थांबंल आन् सारंगी एकलीच रडंल." बोट वर करायचात आणि नेमकी त्याच वेळी सारंगी एकटी उरायची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. तिथे उत्तर येणाऱ्यानं हात वर करायचा असतो. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं असलेला माझा बाप आहे.

घर रुळांना लागून. मालगाडी गेली की सुई उडायची. तुम्हांला गाडी आधीच कळायची. मला शिट्टीही ऐकू आलेली नसायची, तेवढ्यात तुम्ही सुई उचलून धरलेली असायची. गाडी जाऊन भांडी थरथरायची थांबली, की पुन्हा जिथल्या तिथे ठेवायचात. मी शिरूरला राहायला गेले, रांजणगावच्या कारखान्यात लागले, दर रविवारी एसटीनं दौंडला यायचे, आणि दर रविवारी हे सुई उचलणं बघायचे. एकदा चिडून म्हणाले, "आप्पा, असं मशीन मिळतं की खालून आगगाडी गेली तरी सुईला पत्ता लागत नाही." तुम्ही म्हणालात, "मग बघ की." बघ म्हणालात. घेऊ नको म्हणाला नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आणि मग मी बघितलं. मी बघायला लागले की कसं बघते ते तुम्हांला ठाऊक आहे. कारखान्यात एक जर्मन इंजिनीअर यायचा, त्याच्याकडून मासिकं मागवली. कुठल्या टर्नटेबलची थाळी जड आहे, कुठली पट्ट्यावर फिरते आणि कुठली थेट मोटारीवर, हे सगळं मी रविवारी तुमच्यापुढे मांडायचे. तुम्ही चष्मा लावून चित्रांवरून बोट फिरवायचात. पट्ट्याची बरी, हे तुम्हीच ठरवलंत. मोटारीचा हादरा पट्टा गिळतो म्हणालात. टोनआर्मपाशी मात्र आपण अडकलो. सुई ज्याच्या टोकाला असते ती दांडी. ती एका खुंटीवर फिरते, म्हणून तबकडीवरून सरळ न जाता वळसा घेत जाते. मला ते मासिकात वाचूनही उमगत नव्हतं. तुम्ही ताट घेतलंत, त्यावर उलथनं ठेवून फिरवलंत आणि म्हणालात, "पाटसच्या पुढं वळण हाय न्हवं? तिथं चाक रुळाला घासतं, चीं करतं. तसंच हे. वळणावर घासू द्यायचं न्हाई, एवढाच ह्याचा धंदा." आई भाजी निवडत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "एवढी चौकशी नवऱ्याची केली असतीस, तर आत्ता ह्या ताटात नातवंडं जेवली असती." तुम्ही हसलात. मीही हसले. नवरे पसंत करताना कुणी दोन आर्म शेजारीशेजारी लावून दाखवत नाही, असं काहीतरी बोलले. ते महिने किती चांगले होते, आप्पा. विकत काहीच घेतलेलं नव्हतं आणि घर नुसतं भरून गेलं होतं.

त्या सगळ्या महिन्यांत मला एक गोष्ट दिसत होती आणि दिसत नव्हती. तबकडी चालू असताना तुम्ही तळहात त्या पेटीवर ठेवायचात. सपाट, बोटं पसरून, बाजूच्या लाकडावर. मला वाटायचं, ही माया आहे. बैल पाळणारा बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा हात. तुम्ही धनगराच्या घरचे, वडगाव रासाईचे. तुमच्या वडिलांनी मेंढरांच्या पाठीवर हात ठेवला, तुम्ही इंजिनावर ठेवलात. मी मनातल्या मनात त्यावर छान वाक्यंसुद्धा रचली होती. मूर्खपणा.

शेवटी दोन आर्म उरले. एक इंग्लंडचा, एक जर्मनीचा. पुण्यातला तो दुकानदार एकाच टर्नटेबलला दोन्ही लावून दाखवतो असं कळलं. मी वेळ ठरवली. सकाळच्या गाडीनं निघालो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात, टोपी नवी काढलीत, आणि सारंगीची तबकडी फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतलीत. आईनं विचारलं, "ही कशाला?" तुम्ही म्हणालात, "पोरगी बघाया जातोय, तर घरचा मानूस नको बरोबर?"

दुकान वरच्या मजल्यावर होतं. चपला बाहेर, जमिनीवर गालिचा, भिंतींना कापड. दुकानदार सभ्य माणूस, इंग्रजीत बोलायला लागला. मीही इंग्रजीत बोलले. आता वाटतं, इतकं फाडफाड बोलायची गरज नव्हती. पण ज्या शाळेसाठी तुम्ही ओव्हरटाइम केलात ती तिथे उपयोगी पडत होती आणि तुम्ही ऐकताय, खूश होताय, असं मला वाटत होतं. तुम्ही पिशवीतून तबकडी काढलीत. त्यानं ती उजेडात धरली आणि म्हणाला, "सॉरी काका, ही फार घासलेली आहे. माझी सुई खराब होईल." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं, आप्पा. चाचणीला कोरी तबकडीच हवी." खरेदीचा नियमच आहे तो. नमुना सगळ्यांना एकच आणि निर्दोष हवा. तुम्ही ती पुन्हा फडक्यात बांधलीत. गाठ मारायला तुम्हांला फार वेळ लागला.

त्यानं आपल्याला मशीनकडे पाठ करून बसवलं. हीसुद्धा माझीच अट. काय चाललंय ते दिसलं की माणूस डोळ्यांनी निवडतो, म्हणून डोळे मिटायचे. आधी एक आर्म, मग दुसरा. कुठला सरस वाटला ते हात वर करून सांगायचं. मला हे अतिशय न्यायाचं वाटत होतं. रेल्वेत दर काही वर्षांनी ड्रायव्हरला मेडिकलला बसवतात, पाठ करून उभं करतात, मागून डॉक्टर हळू आवाजात आकडे बोलतो, आणि जो चुकला त्याला इंजिनावरून उतरवून कुठल्यातरी शेडमध्ये स्टुलावर बसवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मेडिकलच्या आदल्या रात्री तुम्ही जेवायचा नाहीत. आई देवापुढे दिवा लावून ठेवायची. हे सगळं ठाऊक असूनही त्या दुकानात माझ्या डोक्यात ते आलं नाही. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या ड्रायव्हरला मी पुन्हा मेडिकलला उभं केलं होतं, आणि वर त्याच्यासाठी काहीतरी थोर करते आहे अशा थाटात बसले होते.

व्हायोलिनचं काहीतरी वाजलं. उंच, बारीक. थांबलं. पुन्हा तेच वाजलं. थांबलं. मग तुमचा हात वर गेला. मी डोळे किलकिले करून बघत होते. तुम्ही म्हणालात, "दुसरा. दुसरा चांगला हाय." ठाम. दुकानदार हसला. वाईट नाही हसला, गमतीनं हसला. म्हणाला, "काका, दोन्ही वेळा मी एकच आर्म लावला होता. सगळ्यांचीच करतो ही गंमत." आणि मी हसले. दुकानदाराच्या बाजूनं हसले. शिवाय म्हणाले, "आप्पा, वाटेल तेव्हा हात वर करायला ही काय ग्रामसभा आहे?"

तुम्ही उठून मशीनपाशी गेलात. दुकानदारानं सुई पुन्हा ठेवली होती, व्हायोलिन वाजत होतं. विचारलंत, "हात लावू का?" आणि हो म्हणायच्या आधीच टर्नटेबलच्या बैठकीवर तळहात ठेवलात. सपाट, बोटं पसरून. दुकानदाराला ते आवडलं. अभिमानानं म्हणाला, "बघा काका. काही लागतंय हाताला? काहीही नाही. हीच तर ह्याची किंमत." तुम्ही हात ठेवून उभे होतात. पुष्कळ वेळ. मग काढून घेतलात, पँटला पुसलात, टोपी घातलीत, आणि वर लिहिलेलं वाक्य बोललात.

परतीच्या गाडीत मी जे बोलले ते यवतपर्यंत बोलले. इतके महिने, इतकी मासिकं, माणसाची वेळ घेतली, चारचौघांत तोंडघशी पाडलंत, कळत नव्हतं तर आधीच सांगायचं. केडगाव आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला घ्यायचं तर घे की बाय. माझ्या न्हाई म्हनन्यावर काय हाय." मी म्हणाले, "एकटीनं ऐकायला मला काय करायचंय ते?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तळहात बाकाच्या लाकडी पाठीवर टेकलेला होता. पाटसच्या पुढच्या वळणावर चाक चीं करून घासलं. मला ऐकू आलं. तुम्ही नुसता हात जरा दाबून धरलात.

त्यानंतर आपण त्या विषयावर बोललो नाही. मी दौंडला येणंही कमी केलं. महिन्यातून एखादा रविवार. तुम्ही सारंगीची तबकडी लावायचात, वेळेवर बोट वर करायचात, सारंगी वेळेवर एकटी पडायची. मी मासिक वाचत बसायचे. दोन वर्षांत तुम्ही गेलात.

वर्षश्राद्धाला पानं वाढून झाल्यावर मी आईपुढे पुन्हा तोच पाढा वाचला. एकदा हो म्हणाले असते तर शेवटची दोन वर्षं तरी नीट ऐकून गेले असते. आई भांडी घासत होती. तिनं हात थांबवला. म्हणाली, "त्यांना कुठं ऐकू येत व्हतं?"

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी. रिटायर झाले तवापासनं वरचा आवाज जात चालला व्हता. चिमनीची चिवचिव, कुकर, दाराची बेल, काय न्हाई. मी एवढी वरडून बोलती ती काय हौस म्हनून व्हय? समोर जाऊन उभी ऱ्हायची आन् मंग बोलायची. तू बोलायचीस तवा तुझ्या तोंडाकडं बगत बसायचे. तुला वाटायचं, बापाचं लई ध्यान हाय."

"पण सारंगी? बोट बरोबर वर करायचे ते?"

"ती पाट व्हती. आन् तबला हाताला लागायचा पेटीतनं."

मी किंचाळलेच. मला का नाही सांगितलं कुणी? शेजाऱ्यांना ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक, तो दारावर थाप मारायचा, बेल वाजवायचा नाही. मला एकटीला नाही. आईनं पुन्हा भांडं घासायला घेतलं. म्हणाली, "मी सांगत व्हते. ते म्हनाले, नको. ती लगीच कानाचं मशिन आनंल, डाक्टर आनंल, चार ठिकानी इचारंल. आन् मंग गानं ऐकाया येयाची न्हाई, माजी चौकशी कराया येईल. तिला वाटतंय आमी बापलेक मिळून ऐकतो. तेवढं ऱ्हाऊ दे."

हे ऐकून मी विरघळले असेन असं तुम्हांला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. मी तेव्हा रागावले आणि आजही रागावलेलीच आहे. मला काय राहू द्यायचं आणि काय नाही, हे परस्पर ठरवणारे तुम्ही कोण? जगातलं सगळ्यात शांत मशीन मी तुमच्यासाठी शोधत होते. ज्याची थरथर हाताला लागणार नाही, हा ज्याचा एकमेव गुण. आणि तुमच्याकडे ऐकायला फक्त हात उरला होता. एका वाक्यात सांगितलं असतंत, तर मी उलटं शोधलं असतं. सगळ्यात जास्त थरथरणारी पेटी शोधली असती. भारतातली सगळ्यात वाईट, सगळ्यात खुळखुळी पेटी, आणि तिच्यावर चार हात ठेवून आपण दोघं बसलो असतो. मीही हात ठेवला असता की. मला कुणी सांगितलंच नाही की हात ठेवायचा असतो. उलट तुम्ही मला दोन वर्षं समोर बसवून मासिक वाचू दिलंत. रविवारी दौंडला न येता शिरूरला कपाटं आवरत बसू दिलंत. ते रविवार कुठल्या खात्यातून वसूल करू मी?

या महिन्यात मी निवृत्त झाले. पहिल्याच आठवड्यात त्या दुकानात गेले. तोच माणूस, केस गेलेले. लोक पुन्हा तबकड्या घ्यायला लागलेत, सांगत होता. त्याला मी आठवले नाही, आणि तुम्हीही नाही. मी पुन्हा तेच म्हणाले, एका थाळीला दोन आर्म लावा. एकटीच बसले, डोळे मिटून. मग उठले आणि चालू मशीनच्या बैठकीवर तळहात ठेवला. काहीही लागलं नाही, आप्पा. खोल विहिरीवर हात धरावा तसं. तुम्ही तिथे तितका वेळ उभे का होतात ते मला तेव्हा कळलं. तुम्ही वाट बघत होतात.

त्याचं कोटेशन माझ्यासमोर टेबलावर आहे. सगळे तपशील तपासलेत, मीच तपासलेत, चूक काढायला जागा नाही. पलीकडे तुमची पेटी आहे, आई इकडे राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर आलेली. आई आत्ता आतून ओरडून विचारते आहे, अजून ओरडते, सवय गेली नाही तिची. "घेतीयास का न्हाई ते मशिन?" मी म्हणाले, ठरत नाही. तर म्हणते, "मंग त्यांनाच इचार." म्हणून हे पत्र. पाकीट घेतलेलं नाही, कारण त्यावर काय लिहू?

एक बाब राहिली. तक्रारदारानं स्वतःच्या बाजूचंही लपवू नये, असं आमच्या शाळेतली एक सिस्टर म्हणायची, आणि तिच्या हातात लाकडी पट्टी असायची. तर त्या दिवशी दुकानात दोन्ही वेळा वाजून थांबलं, तेव्हा मलाही दुसराच चांगला वाटला होता. माझा हात निम्मा वर आला होता. तुमचा आधी गेला, दुकानदार हसला, आणि मी माझा हात खाली घेऊन पदर सारखा केला. तुमचे डोळे मिटलेले होते. दुकानदाराचे नव्हते, त्यानं बघितलं असेल. तुमचे कान गेले होते, माझे शाबूत होते, आणि आपण दोघांनी एकच उत्तर दिलं होतं. आपण खरंच मिळून ऐकत होतो, आप्पा, निदान तेवढं एकदा.

कोटेशनची मुदत ३१ तारखेपर्यंत आहे. नवीन मशीन घ्यावं, की पेटीच दुरुस्त करून तिच्यावर हात ठेवून बसावं, आणि मला का सांगितलं नाहीत, या दोन्हींबाबत तुमचं उत्तर ३१ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी मिळालं पाहिजे. तोंडी चालणार नाही. तोंडी तुम्ही नुसतं "बघ की" म्हणता.